एका देवबंदच्या दोन वाटा

रमजानच्या तिसऱ्या जुम्याला, १९ ऑगस्ट २०११ रोजी, पाकिस्तानच्या खैबर भागात जमरूदजवळच्या एका मशिदीत आत्मघाती स्फोट झाला. जुम्याच्या नमाजसाठी मशीद भरलेली होती. पन्नासच्या आसपास माणसे गेली, त्याहून कितीतरी अधिक जखमी झाली. मेलेले सगळे रोजेदार होते. तिथल्या टोळीने तालिबानच्या विरोधात जाण्याचे धाडस केले, त्याचा हा सूड असावा असा अंदाज आहे. कुणी भांडायला आला तर आपला रोजा असल्याचे सांगून बाजूला व्हावे, अशी शिकवण ज्या महिन्यात देशोदेशीच्या मशिदींतून दिली जाते, त्याच महिन्यात हे घडले. आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. २०१० च्या रमजानात लाहोरला हजरत अली यांच्या शहादतीच्या दिवशी निघालेल्या मिरवणुकीत स्फोट झाले आणि दोनच दिवसांनी क्वेट्टा शहरात अल-कुद्स दिनाच्या मोर्चावर हल्ला झाला.

नंदुरबार, शहादा, तळोद्यात येणाऱ्या वर्तमानपत्रांत जमरूदच्या बातमीला दोन बोटे जागा मिळाली. ते समजण्यासारखे आहे. दिल्लीत तेव्हा अण्णा हजारेंचे उपोषण चालू होते आणि सगळ्यांचे डोळे तिकडे होते. पण जिल्ह्यातल्या मुसलमान मोहल्ल्यांतही ही बातमी वाचून पान उलटले गेले. त्यांचे ते बघतील, ही त्यामागची भावना. कित्येक दशके पाकिस्तानशी नाव जोडले जाण्याचा जाच सोसलेल्या समाजाने त्या देशाबद्दल बोलणेच टाळावे, हे मानवी आहे. तरीही दोन कारणांसाठी हे पान इतक्या सहज उलटून चालणार नाही. एक कारण त्या देशाच्या हातातल्या बॉम्बचे. दुसरे कारण एका नावाचे. ते नाव देवबंद. जमरूद-वजिरीस्तानातले बंदूकधारी ते नाव सांगतात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुव्यात हजारो मुले ज्या शिक्षणासाठी येतात, त्यालाही तेच नाव आहे.

आधी बॉम्बचे. पाकिस्तानने २८ मे १९९८ रोजी बलुचिस्तानातल्या चगाईच्या डोंगरात अणुस्फोट केले. त्याआधी दोन आठवडे पोखरणला भारताचे स्फोट झाले होते. २०११ मध्ये त्या देशाकडे शंभराच्या आसपास अण्वस्त्रे असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज होता. ती कुलूपबंद आहेत, त्यांच्यावर हजारोंचा पहारा आहे, असे पाकिस्तानचे लष्कर सांगते आणि त्यात तथ्यही असेल. डोंगरातून उतरलेली तालिबानची टोळी बॉम्ब खांद्यावर टाकून पळून जाईल, हे चित्र वाहिन्यांवरच्या चर्चेपुरते ठीक आहे. खरी भीती वेगळी आहे आणि ती मराठीत एका म्हणीत मावते: कुंपणच शेत खाऊ लागले तर?

२०११ या एका वर्षातल्या घटना पाहाव्यात. ४ जानेवारीला पंजाब प्रांताचे गव्हर्नर सलमान तासीर यांना इस्लामाबादेत गोळ्या घालून मारण्यात आले. मारणारा त्यांचाच सरकारी अंगरक्षक होता. ईशनिंदेच्या कायद्यात अडकलेल्या एका गरीब ख्रिस्ती बाईची बाजू तासीर यांनी घेतली, एवढा त्यांचा गुन्हा. मारेकऱ्याला कोर्टात आणले तेव्हा वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. कायदा शिकलेल्या माणसांनी! दोन महिन्यांनी, २ मार्चला, अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाज भट्टी मारले गेले. २ मे रोजी ओसामा बिन लादेन अबोटाबादेत सापडला, तोही लष्कराच्या काकूल अकादमीपासून हाकेच्या अंतरावर. २२ मेच्या रात्री मूठभर बंदूकधारी कराचीच्या मेहरान नौदल तळात घुसले, दोन टेहळणी विमाने त्यांनी जाळली आणि रात्रभर तळ वेठीस धरला. नौदलातल्याच लोकांचे अल कायदाशी लागेबांधे असल्याचे सय्यद सलीम शहजाद या पत्रकाराने लिहिले. ते काही दिवसांतच बेपत्ता झाले आणि ३१ मे रोजी त्यांचा मृतदेह मिळाला. रावळपिंडीतले लष्कराचे मुख्यालय तर त्याआधीच, ऑक्टोबर २००९ मध्ये, हल्लेखोरांनी गाठले होते.

अणुशास्त्रज्ञांतही अशी माणसे निघाली. पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगात मोठ्या पदावर राहिलेले सुलतान बशीरुद्दीन महमूद निवृत्तीनंतर एक धर्मादाय संस्था काढून अफगाणिस्तानात गेले आणि ऑगस्ट २००१ मध्ये बिन लादेनला भेटून आले. जिन्नांपासून ऊर्जा मिळवता येईल, असे मानणारे हे गृहस्थ. त्यावर हसू येते, पण युरेनियमचे शुद्धीकरण कसे करतात हे या माणसाला ठाऊक होते, हे लक्षात आले की हसू थांबते. अब्दुल कदीर खान यांचे प्रकरण आणखी वेगळे. भोपाळमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने धर्मासाठी नव्हे तर व्यापारासारखे अणुतंत्रज्ञान इराण, लिबिया आणि उत्तर कोरियापर्यंत पोचवले, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर येऊन त्याची कबुली दिली. पुढे ते तिथे वीरपुरुषच राहिले.

नवापूरहून घाट उतरून गुजरातेत गेले की व्यारा लागते आणि तिथून जवळच काकरापारचे अणुवीज केंद्र आहे. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमाची दृश्ये पाहिल्यावर नवापूर-विसरवाडीच्या लोकांनीही या केंद्राबद्दल चौकशी केली असेल. तिथे तर अपघात होता. जाणूनबुजून केलेल्या कृत्यात वाऱ्याबरोबर काय येईल, ते सुन्नी-शिया, हिंदू-मुसलमान, भिल्ल-पावरा असे काही विचारणार नाही. म्हणून त्यांचे ते बघतील, हे म्हणणे अपुरे पडते.

आता नावाचे. पाकिस्तानातल्या तालिबानच्या बातम्यांत देवबंदी हा शब्द इतक्या वेळा येतो की सहारनपूर जिल्ह्यातले ते गाव म्हणजे बंदुकांचा कारखाना असावा, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. प्रत्यक्षात १८६६ मध्ये छत्ता मशिदीच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली एका शिक्षकाने तिथे शिकवायला सुरुवात केली. सत्तावनच्या उठावानंतर दिल्लीतली विद्यापीठे उजाड झाली होती, त्याला हे उत्तर होते. मौलाना कासिम नानोतवी यांनी या मदरशासाठी आठ नियम घालून दिले. त्यांतला महत्त्वाचा विचार पैशाबद्दल आहे. मदरसा सामान्य माणसांच्या छोट्या देणग्यांवर चालावा, कायमच्या उत्पन्नाची सोय लावू नये आणि सरकारचा व श्रीमंतांचा सहभाग घातक समजावा, असे त्यांनी सांगितले. धोरण म्हणून हे किती दूरदृष्टीचे होते, ते पुढे पाकिस्तानात उलट करून पाहिल्यावर समजले.

याच देवबंदचे प्रमुख शिक्षक मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी फाळणीला उघड विरोध केला. एका भूमीत राहणारे हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र होतात, हे त्यांनी १९३८ मध्ये पुस्तक लिहून धर्मशास्त्राच्या आधारे मांडले आणि त्यासाठी मुस्लिम लीगवाल्यांच्या शिव्याही खाल्ल्या. त्याच देवबंदचे दुसरे विद्वान मौलाना शब्बीर अहमद उस्मानी मात्र लीगच्या बाजूला गेले. कराचीत पाकिस्तानचा झेंडा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. म्हणजे वाट फुटली ती १९४७ च्या आधीच, आणि फुटली ती राजकारणावरून. नमाज कशी पढावी, हदीस कशी शिकवावी यावर दोघांत मतभेद नव्हता.

पाकिस्तान रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत जन्माला आले. तिथे तो दिवस सत्ताविसावा रमजान म्हणून सांगितला जातो आणि शबे कद्रच्या रात्री मिळालेला देश म्हणून त्याचे गोडवे गायले जातात. त्या वर्षी देवबंदमध्ये शिकवणारे मौलाना अब्दुल हक रमजानच्या सुटीत सरहद्द प्रांतातल्या आपल्या गावी, अकोडा खटकला गेले होते. सुटी संपली तेव्हा मधे सरहद्द उभी राहिली होती आणि गाड्यांतून प्रेते येत होती. ते परतले नाहीत. गावच्या मशिदीतच त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि दारुल उलूम हक्कानिया उभा राहिला. देवबंदचाच अभ्यासक्रम, देवबंदचीच पुस्तके. तीस वर्षे त्या मदरशाचे नाव आसपासच्या मुलखाबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते.

मग जनरल झिया उल हक आले. जुलै १९७७ मध्ये त्यांनी सत्ता बळकावली. निवडून आलेल्या पंतप्रधानाला फासावर चढवले. लोकांची मते नव्हती, म्हणून राज्य करायला दुसरा कुठला तरी अधिकार त्यांना हवा होता. तो त्यांनी धर्मातून घेतला. १९८० मध्ये त्यांनी जकातीचा वटहुकूम काढला. दर वर्षी पहिल्या रमजानला बँकेतल्या बचत खात्यांतून सरकारनेच अडीच टक्के कापून घ्यायचे आणि त्यातून गरिबांना मदत करायची. वरवर पाहता यात वाईट काय? इस्लामचा एक फर्ज सरकार पार पाडत आहे, असेच अनेक भाबड्यांना वाटले.

रमजानच्या या पानावर या गोष्टीपाशी जरा थांबायला हवे, कारण जकात म्हणजे काय हे इथल्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. जकात माणूस स्वतः मोजतो. घरात किती सोने, दुकानात किती माल, किती येणे, किती देणे, हे अल्लाहला साक्षी ठेवून मांडतो. ती कुणाला द्यायची, याचे आठ हकदार कुरआनात सांगितले आहेत. त्या हिशेबात माणसाची नियत असते. झिया यांच्या कायद्याने नियतीच्या जागी बँकेचा कारकून बसवला. परिणाम काय झाला? रमजानचा चांद दिसायच्या आदल्या दिवशी लोक बँकांतून पैसे काढू लागले. शियांनी जुलै १९८० मध्ये इस्लामाबादेत जमून सरकारला घेराव घातला, कारण त्यांच्या फिकहप्रमाणे ही कापणी चुकीची होती. सरकारला त्यांना सूट द्यावी लागली. त्यावर काही सुन्नींनी पैसे वाचवण्यासाठी आपण शिया असल्याचे लेखी देऊन टाकले! ऐकायला हे मजेशीर वाटते. पण कोण शिया आणि कोण सुन्नी हे बँकेच्या कागदावर लिहिण्याची वेळ त्या देशात पहिल्यांदा आली. पाच वर्षांनी, १९८५ मध्ये, झंग गावात सिपाहे सहाबा ही शियांच्या विरोधातली संघटना उभी राहिली. आज क्वेट्टा आणि कराचीत ज्या हत्या होतात त्यांचा माग काढत गेले की याच काळात पोचावे लागते.

सरकारी जकातीतला एक हिस्सा मदरशांकडे वळला. पाठोपाठ १९८२ मध्ये मदरशांच्या पदवीला एम.ए.ची मान्यता मिळाली. नानोतवींनी ज्याच्यापासून दूर राहायला सांगितले होते, तो सरकारी पैसा आणि सरकारी मान, दोन्ही दारात आले. नेमके त्याच वेळी शेजारी अफगाणिस्तानात रशियाचे रणगाडे शिरले होते. अमेरिकेचा पैसा आला, सौदीचा आला, बंदुका आल्या आणि त्या वाटण्याचे काम पाकिस्तानच्या आयएसआयने केले. अफगाण निर्वासितांच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने अमेरिकी सरकारच्या पैशातून जी क्रमिक पुस्तके तयार केली, त्यांत बेरीज-वजाबाकी गोळ्या आणि मेलेले रशियन सैनिक मोजून शिकवलेली होती. ज्या पुस्तकांनी मुलांना जिहादचा अर्थ बंदूक असा शिकवला ती देवबंदहून आलेली नव्हती, नेब्रास्काहून आलेली होती. हे वाक्य मुसलमानांच्या बचावासाठी लिहिलेले नाही. ती पुस्तके हातात घेऊन शिकवणारे, त्यावर आमीन म्हणणारे आणि मुलांना सरहद्दीकडे रवाना करणारे मुल्ला मुसलमानच होते.

अकोडा खटकच्या मदरशातून पुढे जलालुद्दीन हक्कानी निघाले, तालिबानचे कितीतरी मंत्री आणि कमांडर निघाले. मुल्ला उमर यांना त्या मदरशाने मानद पदवी दिली. अब्दुल हक यांचे चिरंजीव समी उल हक यांना तालिबानचे जनक म्हणत आणि ते त्याबद्दल खंत करताना दिसत नसत. रशियन गेले, पण बंदुका राहिल्या. त्या आधी काश्मीरकडे वळल्या, मग शियांकडे, अहमदियांकडे, दर्ग्यांकडे आणि शेवटी ज्यांनी दिल्या त्या लष्कराकडेच. १ जुलै २०१० रोजी लाहोरच्या दाता दरबारात, हजारो लोक जमलेले असताना, आत्मघाती स्फोट झाले. ज्या दर्ग्याला नऊशे वर्षे हिंदू-मुसलमान दोघांनी डोके टेकवले, तिथे. त्याच्या महिनाभर आधी लाहोरमध्येच अहमदियांच्या दोन प्रार्थनास्थळांत ऐंशीहून जास्त माणसे मारली गेली.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. हा रोग एका पंथाचा आहे असे समजून बरेलवी मंडळींनी निश्चिंत होण्याचे कारण नाही. तासीर यांना मारणारा अंगरक्षक बरेलवी पंथाचा होता. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी माणसे पाठवणारी लष्करे तैयबा अहले हदीस विचाराची आहे. तेव्हा कोणता मसलक, कोणता मदरसा याची यादी करत बसण्यात अर्थ नाही. पाकिस्तानात राज्यकर्त्याने ज्याच्या हाती बंदूक आणि अभय दिले, तो तो पंथ बिघडला.

हे पडताळून पाहायचे तर फार लांब जावे लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर अक्कलकुवा आहे. तिथे मकराणी लोकांची जुनी वस्ती आहे. हे नाव मकरानच्या किनाऱ्याचे, म्हणजे आजच्या बलुचिस्तानातले. जुन्या संस्थानिकांच्या शिबंदीत शिपाई म्हणून हे लोक इकडे आले आणि इथलेच झाले. त्याच अक्कलकुव्यात १९७९-८० च्या सुमारास मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी मूठभर मुलांना घेऊन जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केला. वर्षे पाहावीत. इस्लामाबादेत जकातीचा वटहुकूम निघत होता, पेशावरला बंदुकांच्या पेट्या उतरत होत्या, त्याच सुमारास. अभ्यासक्रम तोच दर्से निजामी, गुरुपरंपरा तीच देवबंदी, पेशावरइतकीच गरिबी, उलट धडगाव-मोलगीकडचे दारिद्र्य त्याहून दांडगे.

त्या मदरशातून तीस वर्षांत काय निघाले ते अक्कलकुव्याला एसटीने जाणारा कुणीही बघू शकतो. कुरआन पाठ करणारी मुले आहेतच. त्यांच्या शेजारी आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे, अध्यापक विद्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आणि त्याला जोडलेला दवाखाना आहे. नाशिक आणि जळगावच्या विद्यापीठांची त्यांना संलग्नता आहे, म्हणजे परीक्षा आणि तपासणी सरकारी नियमांनी होते. दवाखान्याच्या ओसरीवर बसलेले रुग्ण पाहिले तर त्यांत टोपीवाल्यांपेक्षा डोंगरातून उतरलेले भिल्ल आणि पावरा अधिक असले तरी कुणाला नवल वाटणार नाही, कारण तालुकाच त्यांचा आहे.

संस्थेची आरती ओवाळण्यासाठी हे सांगितलेले नाही. एवढ्या मोठ्या संस्थेत उणिवा असणारच आणि तिचा हिशेब मागण्याचा हक्क समाजाला आहे. मुद्दा एवढाच की तेच पुस्तक, तोच काळ, तीच गरिबी असूनही एका ठिकाणी बंदूक निघाली आणि दुसऱ्या ठिकाणी औषधाचे दुकान. फरक पडला तो भोवतीच्या राज्यात. इथे कुठल्या जनरलने मौलानांना बोलावून पोरे मागितली नाहीत. इथे मदरशाला पैसे मिळाले ते सुरत, मुंबई, मालेगावच्या लोकांच्या खिशातून, आणि सरकारकडून फार तर मान्यतेचा कागद.

२०११ मध्ये वस्तानवींचे नाव देशभर गाजले. १० जानेवारीला त्यांची दारुल उलूम देवबंदचे मोहतमिम म्हणून निवड झाली. डॉक्टर-इंजिनिअर घडवणारा मौलाना देवबंदच्या गादीवर बसला, म्हणून अनेकांना आनंद झाला. पाठोपाठ गुजरातबद्दलच्या त्यांच्या एका मुलाखतीवरून वाद पेटला. २००२ मागे टाकून पुढे जावे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे छापून आले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचे त्यांनी सांगितले. ज्यांची घरे जळाली, ज्यांची माणसे गेली, त्यांना ते शब्द टोचले आणि त्यांना ते टोचणे रास्तच होते. देवबंदमध्ये विद्यार्थ्यांनी आंदोलने केली, चौकशी समिती बसली आणि जुलैमध्ये शूराने बहुमताने त्यांना पदावरून दूर केले. निर्णय बरोबर की चूक, यावर अक्कलकुव्यात आणि देवबंदमध्ये दोन मते राहणार आहेत. जुन्या घराण्यांचे राजकारणही त्यात होते, हे उघड गुपित आहे.

पण या भांडणाची सरहद्दीपलीकडच्या भांडणाशी तुलना करून पाहावी. पेशावरचे मौलाना हसन जान हे देवबंदी परंपरेतले मोठे विद्वान, पाकिस्तानच्या संसदेचे माजी सदस्य. आत्मघाती हल्ले इस्लामला मान्य नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सप्टेंबर २००७ मध्ये, रमजान नुकताच लागलेला असताना, निकाह लावायला चला म्हणून त्यांना घराबाहेर बोलावून नेले आणि गोळ्या घातल्या. लाहोरचे मुफ्ती सरफराज नईमी बरेलवी. त्यांनीही आत्मघाती हल्ल्यांच्या विरोधात फतवा दिला. जून २००९ मध्ये जुम्याच्या नमाजनंतर त्यांच्याच मदरशात त्यांना स्फोटाने उडवले. वस्तानवींचे पद गेले. मतदान झाले, वर्तमानपत्रांत उलटसुलट लेख आले, आणि ते अक्कलकुव्याला परत येऊन आपल्या कामाला लागले. मतभेदानंतर माणूस जिवंत राहतो, ही गोष्ट इथे इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणी बातमी म्हणून सांगत नाही.

भारतीय मुसलमानांनी याबाबत हात आखडता घेतला, असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंदने देशभरच्या उलेमांना बोलावून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले आणि मे महिन्यात दिल्लीच्या रामलीला मैदानावर तसा फतवा वाचला गेला. मुंबईत मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या मुस्लिम संस्थांनी नकार दिला. जनाजा नाकारणे ही मुसलमानाच्या लेखी लहान गोष्ट नाही. सीएसटीवर त्या रात्री मेलेल्यांत मुसलमान प्रवासीही होते, हेही विसरायचे नाही.

तरी सगळे आलबेल आहे, असे समजणे घातक ठरेल. सिमीचे जाळे एके काळी खान्देशातही होते, त्यावर २००१ मध्ये बंदी आली. १३ जुलै २०११ रोजी मुंबईत पुन्हा तीन स्फोट झाले. आणि दुसऱ्या बाजूला मालेगाव आहे. २००६ मध्ये शबे बरातच्या दिवशी तिथे कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, मेलेले मुसलमान आणि पकडलेलेही मुसलमान. जानेवारी २०११ मध्ये स्वामी असीमानंद यांचा कबुलीजबाब बाहेर आला, त्यात त्या स्फोटामागे वेगळेच लोक असल्याचे सांगितले गेले. तरी ती पोरे २०११ चा रमजानही तुरुंगातच काढत होती. पाकिस्तानची वाट इथे फुटू नये असे वाटत असेल, तर राज्याने एका धर्माच्या अतिरेक्याला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा लावता कामा नये. झियांची खरी चूक तीच होती. आपल्या कामाचा अतिरेकी आणि बिनकामाचा अतिरेकी असा भेद त्यांनी केला, आणि त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकाने, लष्करशहांनी आणि निवडून आलेल्यांनीही, तो चालू ठेवला.

 रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात एतेकाफवाले मशिदीत बसतात. तरावीह संपली की नंदुरबारच्या, शहाद्याच्या, खापरच्या मशिदींच्या दारात सफीर उभे राहतात. कुणी बिहारच्या मदरशाचा, कुणी उत्तर प्रदेशातल्या यतीमखान्याचा. हातात पावतीपुस्तक, छापील अपील आणि एखाद्या मौलानांची शिफारसचिठ्ठी. बहुतेक जण प्रामाणिक असतात आणि उन्हातान्हात, रोजाच्या पोटी शेकडो मैल फिरतात. त्यांचा अपमान कुणी करू नये. पण ज्या समाजात किराणा घेताना दोन रुपयांचा हिशेब होतो, तिथे हजारांची जकात संस्थेचे पूर्ण नाव न वाचता दिली जाते, हे बरे नाही. मदरसा नोंदणीकृत आहे का, हिशेब तपासला जातो का, किती मुले शिकतात, हे विचारण्यात बेअदबी नाही. परदेशातून येणाऱ्या देणग्यांचा कायदा १ मे २०११ पासून लागू झाला. त्याचा काच संस्थांना जाणवणार. पावती, लेखापरीक्षण, बँक खाते या गोष्टी सरकारला घाबरून नव्हे, तर जकात देणाऱ्याच्या हकासाठी चोख हव्यात. देणाऱ्याने हिशेब मागणे सोडले की पैशाला दुसरा धनी मिळतो. पाकिस्तानात तो रावळपिंडीत मिळाला.

आणि सगळी जकात दूरच्या पावत्यांवर जावी, असेही नाही. आठ हकदारांत फकीर आणि मिस्कीन सर्वांत आधी येतात. दिवाळीनंतर उसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या टोळ्यांत या जिल्ह्यातली मुसलमान कुटुंबेही असतील तर त्यांची मुले शाळेतून का गळतात, हे त्याच मोहल्ल्यातल्या माणसाला सर्वांत आधी कळते. जकातीचे नियम वेगळे, पण सदका आणि नफिल देणगीला धर्माची अट नाही. सिकलसेलच्या आजारी मुलासाठी रक्ताची बाटली आणायला मोलगीहून नंदुरबारला आलेल्या बापाला एसटीचे भाडे देण्यासाठी कुणाचा फतवा लागत नाही.

रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी जुम्अतुल विदा असते. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी त्या दिवशी होते. जे एरवी मशिदीकडे फिरकत नाहीत, तेही येतात. खुतब्याआधीच्या बयानात फलस्तीन आणि इराकसाठी दुआ होते, ती व्हावी. तिच्यात जमरूदचे नमाजी यायला हवेत. इस्त्राइली बॉम्बने मेलेला शहीद आणि आत्मघातक्याच्या बॉम्बने मेलेला बेनाम, असे दोन हिशेब ठेवता येत नाहीत. मारणाऱ्याला दुश्मनाचा हस्तक म्हणून मोकळे होण्याची सवयही सोडावी. तो बहुधा कुठल्या तरी मदरशात शिकलेला, कुणा मौलवीने जन्नतची हमी दिलेला पोरगा होता, हे मिंबरावरूनच सांगितले गेले पाहिजे. मिंबरावरून सांगितलेले पोर ऐकते. वर्तमानपत्रातला लेख त्याचा बाप वाचतो.

जिल्ह्यातल्या मशिदींच्या विश्वस्तांना आणखी एक काम ईदच्या आधी करता येईल. रमजानात जमलेला चंदा किती, तो कुठल्या मदरशाला, कुठल्या यतीमखान्याला, मोहल्ल्यातल्या किती घरांना गेला, याचा एक कागद मराठीत आणि उर्दूत लिहून वजूखान्याजवळच्या फलकावर लावावा. तरावीहनंतर चार माणसे बसली तर एका रात्रीत होणारे हे काम आहे.